जॅक्सन रस्त्यावरची सहा फुटी भिंत

शिकागोला गेलेला आपला माणूस दोन ठिकाणी हमखास जातो. एक, मिशिगन अव्हेन्यूवरची आर्ट इन्स्टिट्यूट, कारण 1893 च्या सप्टेंबरात विवेकानंद त्याच इमारतीत बोलले. दुसरं, विलिस टॉवरचा एकशे तिसरा मजला, जिथे काचेच्या पेटीत उभं राहून पायाखालचा रस्ता पाहायचा आणि फोटो घरी पाठवायचा. दोन्ही जागा पाहण्यासारख्याच आहेत. पण या दोहोंच्या साधारण मधोमध, जॅक्सन बुलेव्हार्ड आणि डिअरबॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, चॉकलेटी-काळपट विटांची एक अरुंद, लांबच लांब इमारत उभी आहे. तिच्याकडे आपली मंडळी ढुंकूनही पाहत नाहीत. ती मोनॅडनॉक बिल्डिंग. माझं आयुष्य विटा, सिमेंट आणि सळई यांच्या हिशेबात गेलं. त्यामुळे शिकागोला जायचं ठरलं तेव्हा मी भाच्याला आधीच सांगून ठेवलं होतं की, बाबा रे, मला उंच चढायचं नाही, मला एक भिंत बघायची आहे.

भाचा नेपरव्हिलला राहतो. तिथून मेट्राच्या गाडीनं युनियन स्टेशनला उतरलो आणि जॅक्सनवरून पूर्वेकडे चालत निघालो. हा रस्ता बांधकामवाल्यानं चालण्यासारखाच आहे. नदीवरचा पूल ओलांडला की विलिस टॉवर. पुढे लासाल स्ट्रीटच्या तोंडाशी 1930 सालची बोर्ड ऑफ ट्रेडची इमारत, माथ्यावर धान्यदेवता सेरेसचा अल्युमिनिअमचा पुतळा. ज्या होलाबर्ड अँड रूट कंपनीनं ती उभारली तिच्यातले होलाबर्ड आणि रूट म्हणजे दोन बापांचे दोन मुलगे; आणि ते दोन्ही बाप थोडं पुढे असलेल्या मोनॅडनॉकशी जोडलेले. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग एकाच्या बापाचा, दक्षिणेकडचा दुसऱ्याच्या. असा योग कुठल्याही शहरात विरळाच म्हणायचा.

"मामा, हीच का ती?" समोर आल्यावर भाच्यानं विचारलं. आवाजात जरा निराशाच होती. त्याचं ऑफिस याच भागात आहे, तो इथून कित्येकदा गेला असणार, पण थांबला नव्हता. त्याला दोष देता येत नाही. या इमारतीत थांबवणारं वरवर काहीच नाही. खांब नाहीत, कमानी नाहीत, पुतळे नाहीत. सोळा मजले नुसती वीट. उंची 215 फूट, आणि हा उत्तरेकडचा भाग 1891 साली उभा राहिलेला.

ही साधेपणाची कल्पना कुणा कलावंताच्या डोक्यातून निघालेली नाही, हे मला या इमारतीचं सगळ्यात आवडतं. ती निघाली मालकाच्या काटकसरीतून. पीटर आणि शेपर्ड ब्रुक्स हे बोस्टनचे दोघे भाऊ. घराण्याचा पैसा जहाजांच्या विम्याचा. 1871 च्या ऑक्टोबरात शिकागो जळालं. सुमारे 300 माणसं गेली, लाखभर बेघर झाली, साडेसतरा हजारांच्या आसपास इमारतींची राख झाली. त्यानंतर शहर नव्यानं उभं राहताना मध्यवस्तीतल्या जागेचे भाव असे चढले की बोस्टनच्या सावध सावकारांनाही मोह पडला. ब्रुक्स बंधूंचा शिकागोतला माणूस ओवेन ऑल्डिस. जागा हेरणं, भाडेकरू आणणं, आर्किटेक्टकडून काम करून घेणं, सगळं तो पाही आणि पीटर ब्रुक्स बोस्टनहून पत्रं पाठवी. त्या पत्रांतून त्याची तंबी अशी : बाहेर डोकावणारं काही नको, सगळं सपाट ठेवा. कंगोरे म्हणजे धूळ. त्यांच्यावर कबुतरं आणि चिमण्या बसणार. आणि त्यानं इमारतीच्या मजबुतीत तर काडीची भर पडत नाही. दगडी कोळशाच्या काजळीनं माखलेल्या त्या काळच्या शिकागोत हे म्हणणं रास्तच होतं.

जॅक्सन ओलांडून पलीकडे पाहिलं की याचं महत्त्व कळतं. समोर आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहचं फेडरल सेंटर आहे, 1964 ते 1974 च्या दरम्यानचं. काळं पोलाद आणि काच, नक्षीचं नाव नाही. मीसनं अलंकार टाकले ते तत्त्व म्हणून, आणि त्यावर जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांतून अजून व्याख्यानं होतात. ब्रुक्सनं सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी तेच टाकले, ते कबुतरं नकोत म्हणून.

नकाशे केले ते बर्नहॅम अँड रूट या जोडीनं. डॅनिएल बर्नहॅम व्यवहार सांभाळी आणि जॉन वेलबॉर्न रूट रेषा ओढी. रूटला नक्षीचा हात होता. एक चौक उत्तरेला लासाल आणि अ‍ॅडम्सच्या कोपऱ्यावर यांचीच 1888 सालची रूकरी आहे, ती पाहिली की हात किती सढळ होता ते दिसतं. हॅरिएट मनरो म्हणजे रूटची मेहुणी, पुढे 'पोएट्री' मासिक काढणारी. तिनं रूटचं चरित्र लिहिलं आहे, त्यात एक हकीकत येते. रूट सुट्टीवर असताना बर्नहॅमनं ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनकडून अगदी सरळसोट, बिननक्षीचं रेखाटन करून घेतलं. परत आल्यावर रूट आधी भडकला. मग काही दिवसांनी म्हणाला की इजिप्तच्या पिरॅमिडची जड, कलती रेष डोक्यात बसली आहे, आता हे नक्षीशिवायच उभं करीन. हकीकतीला मेहुणीच्या मायेचा थोडा रंग असेल, असू दे. पण भिंतीजवळ गेलं की ती पटते.

कारण ही भिंत सरळ नाहीच. तळमजल्याशी ती उभी आहे. त्याच्या वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांखाली, ती हळूच आत वळते, मग सरळ वर जाते आणि अगदी माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते. छज्जा नाही, पट्टा नाही, सांधा नाही. विटेलाच वळण दिलेलं. इमारतीचे कोपरेही पाहा : खाली धारदार आहेत, वर जाता जाता धार मोडत जाते आणि माथ्याजवळ कोपरा रुंद, तासलेला होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर साध्या विटेत हे होत नाही. त्यासाठी वेगळ्या साच्यांतून विटा पाडून घ्याव्या लागतात आणि गवंडी ओळंबा सोडून हातानं आणि डोळ्यानं काम करणारा लागतो. मी त्या वळणावर तळहात ठेवून काही पावलं चाललो. सांधे बारीक, विटेची कड अजून शाबूत. सव्वाशेहून जास्त वर्षांचे शिकागोचे हिवाळे खाल्लेलं वीटकाम हे. शेजारच्या दुकानातला माणूस काचेतून माझ्याकडे बघत होता. भाचा दोन पावलं लांब सरकून फोन पाहायला लागला.

मग मी एका दुकानाच्या खिडकीशी उभा राहिलो. काच रस्त्यापासून इतकी आत आहे की दर्शनी भागात जणू एक छोटी खोलीच तयार झाली आहे. तळाशी या भिंतीची जाडी 72 इंच, म्हणजे सहा फूट. त्यामागचा हिशेब सोपा होता : एका मजल्याला बारा इंच भिंत, त्यावर चढणाऱ्या दर मजल्यामागे आणखी चार इंच. पंधरा मजल्यांचे साठ आणि पहिले बारा, झाले बहात्तर. पेठेतले वाडे उतरवताना मी दोन-अडीच फुटांच्या भिंती पाहिल्या होत्या, त्याही चार माणसांना थकवत. सहा फूट वीट म्हणजे आडवा झालेला पूर्ण माणूस. आणि मध्यवस्तीतल्या जमिनीचा प्रत्येक फूट सोन्याच्या भावाचा असताना एवढी जागा विटेला देऊन टाकायची! भाडं विटेचं मिळत नाही, खोलीचं मिळतं.

इथे ऑल्डिसचा व्यापारी मेंदू दिसतो. भिंतीत गमावलेली जागा त्यानं खिडक्यांतून परत मिळवली. दर्शनी भागावर जे उभे फुगवटे दिसतात, ते शोभेचे नाहीत. तळमजला सोडून वरपर्यंत खिडक्या रस्त्याच्या हद्दीवर बाहेर काढल्या, त्यामुळे कार्पेट एरिया वाढला आणि तीन बाजूंनी उजेड आत आला. आपल्याकडचा बिल्डर बाल्कनी बंद करून जे साधतो ते ऑल्डिसनं आधीच नकाशात घातलं होतं. विजेचे दिवे तेव्हा महाग आणि मिणमिणते. उजेड नसलेल्या खोलीला भाडेकरू मिळत नसे. इमारत जेमतेम सहासष्ट-अडुसष्ट फूट रुंद आहे, तीही याचसाठी. मधोमध कॉरिडॉर, दोन्हीकडे ऑफिसं, आणि कुठलंही टेबल खिडकीपासून फार लांब नाही.

आता पायाची गोष्ट. शिकागोची जमीन म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठची मऊ चिकणमाती. खडक फार खोल. रूटनं आधीच्या मोंटॉक ब्लॉकसाठी, म्हणजे याच ब्रुक्स बंधूंच्या 1882 च्या इमारतीसाठी, एक युक्ती काढली होती : लोखंडी रूळ आडवेउभे रचायचे, काँक्रीटमध्ये बुडवायचे आणि वजन रुंद पसरवून द्यायचं. मोनॅडनॉकखालीही असाच तराफा आहे, आणि तो इमारतीच्या बाहेर रस्त्याखालपर्यंत गेला आहे. एवढं वजन घेऊन ती खचणार हे गृहीतच धरलं होतं. आठ इंचांची सोय ठेवली होती. ती खचत गेली, आठ इंचांवर थांबली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे वीस इंच गेली. पण गेली ती समान. 1940 च्या सुमारास डिअरबॉर्न स्ट्रीटखालून भुयारी रेल्वेचं काम निघालं तेव्हा पूर्वेच्या भिंतीला खाली कठीण थरापर्यंत आधार द्यावा लागला. आज त्याच भुयारातून ब्ल्यू लाइन धावते. एवढा दट्ट्या खाऊन ती ओळंब्यात उभी आहे, हे बघून मला रूटच्या हिशेबापेक्षा त्याच्या धाडसाचं जास्त कौतुक वाटलं.

पुस्तकांत या इमारतीला विटेच्या वजनपेलू भिंतींवर उभ्या असलेल्या जुन्या पद्धतीची शेवटची मोठी व्यापारी इमारत म्हणतात, जगातली त्या प्रकारातली सर्वांत उंच म्हणतात. ते ढोबळमानानं खरं आहे, पण अर्धंच. आत मजले पेलायला लोखंडाचे खांब आणि तुळया आहेत. एवढ्या अरुंद उंच इमारतीला वारा आडवा ढकलेल म्हणून लोखंडी चौकटींचे ताणही दिलेले आहेत. म्हणजे बाहेरून ती जुन्या जमान्याची, आत नव्या जमान्याला जागा करून बसलेली. विल्यम ले बॅरन जेनीची होम इन्शुरन्स बिल्डिंग 1885 मध्येच याच शहरात धातूच्या सांगाड्यावर उभी राहिली होती. ती 1931 साली पाडली. रूटला सांगाडा माहीत नव्हता असं नाही. मालकाला विटेचा भरवसा जास्त होता.

रूट मात्र ती पुरी झालेली पाहू शकला नाही. 1891 च्या जानेवारीत न्यूमोनियानं तो गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी. मुलगा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा; तोच पुढे बोर्ड ऑफ ट्रेडवाला. एकट्या पडलेल्या बर्नहॅमनं 1893 च्या जागतिक प्रदर्शनाची सूत्रं सांभाळली आणि सरोवराकाठी पांढऱ्याशुभ्र, खांबा-कमानींच्या, रोमन धाटणीच्या इमारतींचं नगर उभारलं. त्यातलं बरंचसं प्लॅस्टरचं. त्या प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्म परिषदेला विवेकानंद आले, मुंबईहून ब्राह्मो समाजाचे ब. भा. नागरकर आले, जैनांच्या वतीनं वीरचंद गांधी आले. परिषद भरली ती आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत, मोनॅडनॉकपासून दहा मिनिटांच्या चालीवर. ही मंडळी डिअरबॉर्नवरून गेली की नाही कोण जाणे. गेली असतील तर त्यांना इमारतीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग अगदी कोरा करकरीत दिसला असणार. तो त्याच साली पुरा झाला.

या दक्षिण अर्ध्याची गंमत न्यारी आहे. ब्रुक्स बंधूंनी पुढचा भाग काढला तेव्हा रूट नव्हता, आणि काम गेलं विल्यम होलाबर्ड आणि मार्टिन रोश यांच्याकडे. त्यांनी सरळ पोलादी सांगाडा उभारला आणि वरून वीट व भाजलेल्या मातीचं आवरण दिलं. व्हॅन ब्युरेन स्ट्रीटकडून पाहिलं की कमान दिसते, माथ्याला ठसठशीत कांगणी दिसते. दोन वर्षांचं अंतर, तोच मालक, तोच रस्ता. हिशेब मांडला तर दक्षिणेकडचा भाग सुमारे पंधरा टक्के स्वस्त पडला, पंधरा टक्के हलका झाला, आणि भाड्यानं द्यायला पंधरा टक्के जागा जास्त मिळाली. खलास! त्यानंतर कुठलाही शहाणा मालक सहा फुटी भिंतीच्या वाटेला कशाला जाईल? वीट आणि पोलाद यांतला वाद कुठल्या परिषदेत सुटला नाही, भाड्याच्या वहीत सुटला. आणि त्या वहीची दोन्ही पानं एकाच फूटपाथवर शेजारी शेजारी उघडी आहेत. माझ्या मते मोनॅडनॉकचं ऐतिहासिक महत्त्व यात आहे, उंचीत नाही.

पूर्ण झाल्यावर ही जगातली सर्वांत मोठी ऑफिसांची इमारत होती. सुमारे बाराशे खोल्या आणि सहा हजारांवर माणसं. तिचे कायद्यानं चार भाग केलेले होते, न्यू इंग्लंडमधल्या डोंगरांची चार नावं दिलेली : मोनॅडनॉक, किअरसार्ज, कटाडिन, वॉच्युसेट. प्रत्येकाची लिफ्ट वेगळी, नळ वेगळे, तापवण्याची व्यवस्था वेगळी. कारण हे भाग उद्या वेगवेगळे विकायची वेळ आली तर अडचण नको. बोस्टनची सावधगिरी इथेही.

आत शिरलो. अरुंद कॉरिडॉर इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेला. पायाखाली बारीक तुकड्यांचं मोझॅक, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटींत काचा, काचांवर सोनेरी अक्षरांत दुकानांची नावं. एक टोपीवाला, एक न्हावी, जोडे दुरुस्त करणारा, कॉफीचं दुकान. दुकानांना रस्त्याकडूनही दार आहे आणि कॉरिडॉरकडूनही. आणि मग तो जिना. अल्युमिनिअमचा. 1886 साली अल्युमिनिअम काढायची स्वस्त रीत सापडेपर्यंत तो धातू चैनीचा होता, आणि पाचच वर्षांत रूटच्या इमारतीत त्याचे कठडे लागले. इमारतीच्या कामात हा धातू वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत याची गणना होते. बाहेर एक नक्षी नाही, आणि आत जिन्यावर मात्र वेलबुट्टी! रूटनं मालकाचा शब्द पाळला, पण रस्त्यापुरताच. कठड्यावर हात फिरवला तर थंड, हलका, थोडा खरबरीत. भाच्याला आता रस आला होता. तो वाकून जिन्याच्या पोकळीतून वर छताच्या उजेडाकडे बघत राहिला.

"पण मग आता भिंती काहीच पेलत नाहीत ना?" बाहेर पडताना त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता, आणि उत्तर त्याच रस्त्यावर मागे उभं होतं. ढाक्यात जन्मलेला इंजिनिअर फझलूर खान 1952 साली इलिनॉयला शिकायला आला, आणि शिकागोत त्यानं असा विचार मांडला की फार उंच इमारतीत वाऱ्याशी झुंजायला आतला सांगाडा पुरत नाही. खांब बाहेरच्या कडेला जवळजवळ आणून सगळी इमारतच एक पोकळ नळी करावी. 1973 सालचा विलिस टॉवर, तेव्हाचा सिअर्स टॉवर, अशा नऊ नळ्यांची मोळी आहे. म्हणजे जे काम 1893 मध्ये भिंतीकडून काढून घेतलं होतं, ते ऐंशी वर्षांनी बाहेरच्या अंगाला परत आलं; फक्त विटेऐवजी पोलाद. खानला हे वाचून हसू आलं असतं की राग, सांगता येत नाही. मला मात्र जॅक्सन रस्ता उलटा चालताना हे फार ठळकपणे दिसलं.

मुंबईची आठवण न येणं शक्यच नव्हतं. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आजचं एस्प्लनेड मॅन्शन, 1860 च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलं. मोनॅडनॉकच्या वीस वर्षं आधी. 1896 च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा तिथे दाखवली. सांगाड्यावरच्या इमारतींचा इतिहास लिहायचा तर ते एक प्रकरण मुंबईचं आहे. पण 2005 साली त्याचा एक भाग ढासळला, आणि ती इमारत ठेवायची की पाडायची यावर नंतर वर्षानुवर्षं घोळ चालला.

मोनॅडनॉकही वाईट दिवसांतून गेली. 1938 मध्ये तिला 'मॉडर्न' करायच्या नादात जुनं मोझॅक झाकलं गेलं, दिवे बदलले. समोरची 1905 ची फेडरल बिल्डिंग 1965 साली पाडून मीसचं उरलेलं काम उभं राहिलं, तेव्हा हिचंही काय होईल सांगता येत नव्हतं. 1970 मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत आणि 1973 मध्ये शिकागो शहराच्या वारसा यादीत नाव आलं. पण यादीत नाव आल्यानं छप्पर गळायचं थांबत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? 1979 मध्ये विल्यम डॉनेल आणि त्याच्या भागीदारांनी ती विकत घेतली आणि जुन्या छायाचित्रांवरून दारं, काचा, दिवे, फरशी असं टप्प्याटप्प्यानं मूळ रूपात आणलं. हे पुण्यकर्म नव्हतं. जुन्या रूपातल्या ऑफिसाला चांगला भाडेकरू मिळतो हे त्यांनी ओळखलं होतं. वारसा जपायचा असेल तर आपल्या पालिकांनी आणि घरमालकांनी आधी हा हिशेब शिकावा. भाडं गोठवून आणि फलक लावून इमारती वाचत नाहीत.

शिकागोला जाणार असाल तर युनियन स्टेशनला उतरा आणि जॅक्सनवरून चालत या. वाटेत विलिस टॉवर लागेलच. कामाच्या दिवशी या, म्हणजे दुकानं उघडी असतील. खालच्या कॉरिडॉरमध्ये शिरायला तिकीट लागत नाही. उत्तरेच्या दारानं आत जा, दक्षिणेच्या दारानं व्हॅन ब्युरेनवर बाहेर पडा, आणि मग डिअरबॉर्नच्या पलीकडच्या फूटपाथवर उभं राहून दोन्ही अर्धे एकदम बघा.